गृहपाठ शाळेतच होऊ द्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत शेवटच्या तासाला फळ्यावर गृहपाठ लिहिला जातो, तेव्हा मुलाच्या घराबद्दल बरंच काही गृहीत धरलेलं असतं. घरी वही उघडून बसायला जागा असेल, दिवा असेल, तासभर कोणी हाक मारणार नाही आणि गणित अडलं तर सांगणारं कोणीतरी असेल. यातली एक गोष्ट जरी नसली तरी दुसऱ्या दिवशी वही कोरी येते. त्या कोऱ्या वहीचा जाब मात्र आठ-दहा वर्षांच्या मुलाला द्यावा लागतो.

नागपूरच्या दक्षिणेला असलेल्या बेसा भागात हा प्रश्न फार लख्ख दिसतो. हे मुळात शेतीचं गाव. मनीषनगर, बेलतरोडीच्या बाजूने शहर सरकत आलं, शेतांचे लेआउट पडले, लेआउटवर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या आणि ग्रामपंचायतीच्या जागी बेसा-पिपळा नगरपंचायत आली. सकाळी या रस्त्यांवर सीबीएसई शाळांच्या पिवळ्या बसांची रांग असते. त्याच रस्त्यांच्या कडेला, अर्धवट उभ्या इमारतींच्या आडोशाला, विटा रचून केलेल्या खोल्यांत बांधकामावरची कुटुंबं राहतात. त्यांतली कितीतरी मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून आलेली. घरात हिंदी, छत्तीसगडी किंवा गोंडी बोलली जाते आणि मुलं मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत जातात. पाचवीच्या पुस्तकातला एकच स्वाध्याय फ्लॅटमधलं मूल शिकवणीच्या बाईंसमोर बसून सोडवतं आणि खोलीतलं मूल चुलीजवळ, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन. वर्गात दोघांच्या वह्यांकडे एकाच मापाने पाहिलं जातं.

या अन्यायाची जाणीव देशाला नव्याने झालेली नाही. 1989 मध्ये लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या पाठीवरच्या दप्तराबद्दल कळवळून भाषण केलं. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1993 मध्ये तिचा अहवाल आला. मुलांना न समजता शिकावं लागतं, हे दप्तराच्या वजनाहून मोठं ओझं आहे, हा त्या अहवालाचा गाभा होता. नंतर पंचवीस वर्षं गेली. मे 2018 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला आणि त्याच वर्षी केंद्राने सर्व राज्यांना तशी सूचना पाठवली. 2020 च्या शालेय दप्तर धोरणाने तर मापंच ठरवून दिली : दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास, सहावी ते आठवी रोज 1 तास, नववीपासून रोज 2 तास.

ही मापं चांगली आहेत. ती पाळली जातात की नाही हे पाहणारं कोणी नाही, ही अडचण आहे. तिसरी-पाचवीसाठी आठवड्याला 2 तास म्हणजे सहा दिवसांत रोजची 20 मिनिटं. सहावीपासून वेगवेगळे शिक्षक वेगवेगळे विषय शिकवतात आणि मराठीच्या बाईंनी किती लिहायला दिलं हे गणिताच्या सरांना ठाऊक नसतं. शिवाय 20 मिनिटं कोणाच्या घड्याळाने मोजायची? ज्याला शेजारी बसून सांगणारं कोणी आहे त्याचं 20 मिनिटांत उरकतं. ज्याला नाही, ते मूल तासभर त्याच उदाहरणापाशी अडकून पडतं आणि शेवटी मित्राची वही मागून उतरवून काढतं.

महाराष्ट्रातही प्रयत्न झाले. सप्टेंबर 2022 मध्ये प्राथमिक वर्गांचा गृहपाठ बंद करण्याचा विचार मंत्र्यांनी बोलून दाखवला. तेव्हा दीपक केसरकर शालेय शिक्षणमंत्री होते. शिक्षक संघटनांमधून लगेच विरोध झाला आणि विषय मागे पडला. त्यानंतर 2023-24 पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडण्याची योजना आली. पुस्तकांचे चार भाग झाले, प्रत्येक धड्यामागे लिहायला जागा आली. पण मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि जानेवारी 2025 मध्ये शासनाने योजना मागे घेतली. दोन्ही वेळा मूळ प्रश्नाला हात लागलाच नाही. मुलाने सराव कधी, कुठे आणि कोणाच्या सोबतीने करायचा, हे कोणी विचारलं नाही. एकदा गृहपाठ उडवून टाकायचा विचार झाला, एकदा त्याचं वजन कमी करायचं ठरलं.

शिक्षकांच्या तेव्हाच्या विरोधात तथ्य होतं, हेही मान्य करायला हवं. कोविडनंतर मुलांची लिहायची सवय मोडली होती, अक्षर गेलं होतं, पाढे विसरले होते. सराव नको असं कोणताही जाणता शिक्षक म्हणणार नाही. हात बसल्याशिवाय भागाकार येत नाही आणि वाचत राहिल्याशिवाय वाचनाला वेग येत नाही. वाद सरावाच्या जागेबद्दल आहे.

संशोधनही बरंचसं याच दिशेने बोट दाखवतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी 1987 ते 2003 या काळातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध केला. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा काहीएक संबंध त्यांना दिसला. प्राथमिक वर्गांत तो जवळजवळ दिसेनासा होतो. 2012 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या वेळी 15 वर्षांच्या मुलांकडून मिळालेली माहिती आणखी बोलकी आहे. सुस्थितीतल्या घरांतली मुलं आठवड्याला गृहपाठावर जितका वेळ देत होती, त्याच्या तुलनेत गरीब घरांतली मुलं दीड तासाहूनही जास्त मागे राहत होती. ही मुलं आळशी असतात असं समजणाऱ्याने एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसावं.

मुलींचा विचार केला की चित्र आणखी बिघडतं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात 6 वर्षांवरील स्त्रिया आणि मुलींपैकी 81 टक्क्यांहून अधिक जणी घरातलं बिनमोबदल्याचं काम करत होत्या. पुरुष आणि मुलग्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटांचा वेळ जात होता, पुरुषांचा 97 मिनिटांचा. या आकड्यांत सगळ्या वयाच्या बायका आहेत, पण सहावीतली मुलगी शाळेतून आल्यावर काय करते ते वेगळं सांगायला नको. आई कामावरून येईपर्यंत पाणी भरणं, भांडी, धाकट्यांना सांभाळणं. गृहपाठ तिच्या वाट्याला रात्री नऊनंतर येतो, तेव्हा डोळे मिटत असतात. शाळेने घरावर टाकलेलं काम घर मुलीच्या झोपेतून कापून घेतं.

आता शिक्षकाच्या बाजूने पाहू. 35 मुलांचा वर्ग धरा आणि एका वहीला फक्त 3 मिनिटं. एका विषयाच्या वह्या तपासायला पावणेदोन तास लागतात. दोन विषयांचा गृहपाठ रोज दिला तर साडेतीन तास. निवडणुकीची, मतदार यादीची, जनगणनेची कामं, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं सांभाळून हे होणं शक्य नाही. मग वहीवर नुसती बरोबरची खूण आणि सही पडते. चूक कुठे झाली ते मुलाला कळत नाही, आणि चूक न कळता केलेला सराव ती चूकच पक्की करतो. 2010 पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत ‘स्वाध्याय/वर्गकार्य’ असं साधन दिलेलं आहे. म्हणजे सराव शिक्षकाच्या डोळ्यांसमोर व्हावा, ही कल्पना शासनाच्या कागदावर आधीपासून आहे.

पालकांची भीती मात्र खरी आहे. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाच्या आईवडिलांना शाळेत काय चाललंय हे कळायचा एकच मार्ग असतो, घरी आलेली भरलेली वही. ती रिकामी राहिली की ‘शाळेत शिकवतच नाहीत’ असं वाटतं आणि मग पोटाला चिमटा काढून शिकवणी लावली जाते किंवा जवळची इंग्रजी शाळा गाठली जाते. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पैसे देऊन शिकवणीला जाणाऱ्या पहिली ते आठवीच्या मुलांचं प्रमाण 2018 मध्ये 26.4 टक्के होतं, ते 2022 मध्ये 30.5 टक्के झालं. त्यामुळे नुसती गृहपाठबंदी केली तर सरावाची ती मोकळी जागा शिकवण्या भरून काढतील आणि शिकवणी परवडणारे व न परवडणारे यांच्यातलं अंतर वाढेल. फ्रान्समध्ये 1956 पासून प्राथमिक शाळेत लेखी गृहपाठाला मनाई आहे. तिथेही शिक्षक तो देत राहिले आणि पालक मागत राहिले. बंदीचा एवढा जुना अनुभव गाठीशी असलेल्या त्या देशाने 2017 पासून पुढच्या वर्गांसाठी वेगळी वाट धरली. शाळा सुटल्यावर शाळेतच, मोफत, कोणाच्या तरी देखरेखीखाली गृहपाठ उरकायची सोय केली. चीननेही 2021 मध्ये दुसरीपर्यंत लेखी गृहपाठ बंद केला, तिसरी ते सहावीसाठी रोज 60 मिनिटांची मर्यादा घातली आणि शाळा सुटल्यावर मुलांना शाळेतच थांबवून अभ्यास करून घेण्याची व्यवस्था वाढवली.

आपल्याकडे गावांनी घरातली संध्याकाळच अभ्यासाला मोकळी करून देण्याचे प्रयत्न केले आहेत आणि ते कौतुकाचे आहेत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी संध्याकाळी सातचा गजर सुरू केला होता. तो वाजला की घरोघरचे टीव्ही बंद आणि मुलं अभ्यासाला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत मोबाइल आणि टीव्ही बाजूला. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षकांनी घरोघर फिरून साथ दिली. एकमेकांना ओळखणाऱ्या गावात हे जमतं. बेसासारख्या वस्तीत ते तसंच्या तसं जमणार नाही. इथे निम्मी माणसं गेल्या काही वर्षांत राहायला आलेली, कोणाची पाळी रात्रीची, कोणाचं काम संपेल तेव्हा घर. भोंगा वाजवून जी शांतता मिळवायची ती इथे एकाच ठिकाणी आयती आहे, शाळेच्या इमारतीत.

आणि त्यासाठी शाळेचा दिवस लांबवण्याचीही गरज नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन हवं, म्हणजे दिवसाला 4 तास. सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास, म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास. साडेदहा ते पाच अशा शाळेत परिपाठ आणि सुट्ट्या वजा केल्या तरी पाच तासांच्या आसपास उरतात. तिसरी ते पाचवीसाठी शेवटची 40 मिनिटं सरावाला द्यावीत. नवीन काही शिकवायचं नाही. मुलांनी बसून सोडवायचं, अडलं की विचारायचं आणि शिक्षकांनी फिरत फिरत तिथल्या तिथे वह्या पाहायच्या. दप्तर वर्गातच ठेवून मुलं मोकळ्या हाताने घरी जाऊ शकतात. वाचायला गोष्टीचं एक पुस्तक न्यायचं असेल तर जरूर न्यावं. पहिली-दुसरीला तेवढंच पुरे.

सहावी ते आठवीला सराव जास्त लागतो. त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर तासाभराची ऐच्छिक अभ्यासिका हवी. ती शिक्षकांच्या माथी मारू नये. कायद्याने शिक्षकांच्या आठवड्यातल्या 45 तासांत तयारीचाही वेळ धरलेला आहे, तो त्यांना मिळू द्यावा. नागपुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांसाठी ठिकठिकाणी अभ्यासिका आहेत. पंचविशीतल्या मुलाला शांत जागा लागते हे आपल्याला पटलं, मग अकरा वर्षांच्या मुलाला ती जास्तच लागते. त्याच तरुणांपैकी दोघांना रोज 300 रुपये मानधन दिलं तर 200 दिवसांचा खर्च 1 लाख 20 हजार रुपये होतो. रस्ते, नाल्या आणि पथदिव्यांवर खर्च करणाऱ्या नगरपंचायतीला एका शाळेसाठी एवढी रक्कम काढता यायला हवी. फ्लॅट स्कीममध्ये राहणारे निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले लोक यात आनंदाने येतील. त्यांना कोणीतरी रीतसर बोलवायला हवं.

घरी काहीच द्यायचं नाही असंही नाही. काही काम घरीच होण्यासारखं असतं आणि त्यात न शिकलेले आईबापच गुरू होऊ शकतात. नागपूरहून दीड तासाच्या अंतरावर, वर्ध्यात, ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या उपस्थितीत शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा मांडला. हातांच्या कामातून शिकायचं, असा तो विचार होता. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा 2005 पासून तो पुन्हा चालवते आहे. बेसात तर हे शिक्षण दाराशी उभं आहे. बाप गवंडी असेल तर मुलाने त्याला विचारून यावं : विटांच्या बांधकामाला सिमेंट आणि रेती किती घमेली? एकास सहा म्हणजे काय? एक ब्रास रेती म्हणजे 100 घनफूट, मग अर्ध्या ब्रासचा ढीग वर्गाएवढ्या जमिनीवर पसरला तर किती उंच होईल? भिंत सरळ आहे हे ओळंब्याने कसं कळतं? गुणोत्तर, घनफळ आणि लंब हे तिन्ही धडे मूल या उत्तरांसह वर्गात घेऊन येतं. आई भाजी विकत असेल तर खरेदी, विक्री आणि नफा तिच्याइतकं चोख कोणाला येतं? अशा गृहपाठाला 10 मिनिटं लागतात, वही लागत नाही आणि आईबापांना शाळेपुढे ओशाळं व्हावं लागत नाही. उलट, त्यांना जे येतं ते वर्गात बोललं जातं, हे मुलाला दिसतं. छत्तीसगडीत सांगितलेलं मराठीत मांडताना भाषेचाही अभ्यास होतो.

सुट्टीच्या गृहपाठाबद्दल वेगळं बोलायला हवं. दिवाळीच्या आधी स्वाध्याय पुस्तिकांच्या पीडीएफ शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात. छपाईचा खर्च शाळेकडे नसतो, म्हणून पालकांनी मोबाइलवर पाहून वहीत उतरवून द्यायचं. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो बापाच्या खिशात कामावर गेलेला असतो, तिथे ही पुस्तिका पोहोचतच नाही. उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. 2025 मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक लावून परीक्षा 25 एप्रिलपर्यंत ओढल्या गेल्या, तेव्हा विदर्भातून विरोध झाला तो याच उन्हामुळे. पत्र्याच्या छपराखाली, कूलर नसलेल्या खोलीत मे महिन्यात शुद्धलेखनाची रोज दोन पानं लिहायला लावणं हे शिक्षण म्हणता येणार नाही. सुट्टीचा अभ्यास बंदच करावा.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी मंत्रालयाच्या नव्या शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. शाळा विकास आराखडा तयार करणं हे या समितीचंच काम आहे. विदर्भात शाळा उशिरा, जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला उघडतात. त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत या आराखड्यात तीन ओळी लिहिता येतील : शेवटचा तास सरावाचा, सहावीपासून अभ्यासिका आणि सुट्टीत लेखी काम नाही. अभ्यासिका किती वाजेपर्यंत चालवायची हे मात्र समितीतल्या आयांना विचारूनच ठरवावं. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो, शाळेपासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर कुठे दिवे आहेत आणि कुठे नाहीत ते त्यांना माहीत असतं, आणि धाकट्या भावंडाला सोबत आणायची मुभा असेल तरच मोठी मुलगी थांबू शकेल, हेही त्याच सांगतील.